शंका-समाधान : अभियांत्रिकी कॉलेजात शिक्षण-संशोधनाचा गट बांधताना

(अभियांत्रिकी विद्यार्थी कसे शिकतात, कुठे अडतात आणि शिकवण्यातल्या कोणत्या बदलाने काय फरक पडतो, याचा पद्धतशीर अभ्यास करणारे गट आपल्याकडच्या कॉलेजांतही आता निघू लागले आहेत. त्याबद्दल आलेल्या पत्रांना या महिन्यात एकत्र उत्तरे देत आहोत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.)

प्रश्न : आमच्या स्वायत्त कॉलेजात ‘अभियांत्रिकी शिक्षण संशोधन केंद्र’ काढायचे ठरले आहे. खोली मिळाली, पाटी रंगवून झाली, समन्वयक म्हणून माझे नाव लागले. सात महिन्यांवर मूल्यांकन समितीची भेट आहे. सुरुवात कशी करावी?
– सहयोगी प्राध्यापक, सोलापूर

उत्तर : पाटी लागली आहे तर राहू द्या, फक्त तिच्याखाली सात महिन्यांत काय घडू शकते याचा खरा अंदाज प्राचार्यांना आजच द्या. एवढ्या काळात तुमचा एक अभ्यास आखून, परवानगी घेऊन, पहिल्या टर्मची माहिती गोळा करून होईल. शोधनिबंध छापून येणार नाही. समितीला दाखवायला नीट लिहिलेला आराखडा, बैठकींच्या नोंदी आणि मान्यता मिळालेला संमतीपत्राचा नमुना हे तीन कागद पुरेसे वजनदार असतात.

आता मूळ गोष्ट. जगातले या विषयाचे पहिले दोन विभाग अमेरिकेत २००४ साली निघाले, पर्ड्यू विद्यापीठात आणि व्हर्जिनिया टेकमध्ये. दोन्ही ठिकाणी कोऱ्या जागेवर नवे काही उभारले नव्हते. पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीची मुळाक्षरे शिकवणारा विभाग आधीपासून चालू होता, त्याचेच रूपांतर झाले. म्हणजे विद्यार्थी हाताशी, अभ्यासक्रमावर थोडाबहुत ताबा, आणि दरवर्षी तेच विषय पुन्हा शिकवायचे. संशोधनाला याहून सोयीची जागा नाही. आपल्याकडे हीच जागा ‘एफई डिपार्टमेंट’ची, म्हणजे पहिल्या वर्षाच्या विभागाची आहे. गणित, भौतिकशास्त्र, मेकॅनिक्स, ग्राफिक्स शिकवणारी ही मंडळी बहुतेक कॉलेजांत सावत्र असल्यासारखी असतात, आणि केंद्राच्या समितीत मात्र कॉम्प्युटरचे आणि मेकॅनिकलचे एचओडी (विभागप्रमुख) बसतात. तुमचा गट एफईच्या स्टाफरूममध्ये बसवा. खोली कुठली, याला फारसे महत्त्व नाही.

माणसे चार ते सहा. त्याहून जास्त असतील तर बैठकीला निम्मेच येतात. त्यांत निदान दोघे एकच विषय शिकवणारे असावेत, नाहीतर तुलना करता येत नाही. एक जण संख्याशास्त्र जाणणारा हवा. गणित विभागात सापडेल. आणि एक माणूस अभियांत्रिकीच्या बाहेरचा हवाच हवा. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, यांपैकी काहीही चालेल. जवळपासच्या बी.एड. कॉलेजात किंवा समाजकार्य महाविद्यालयात असा माणूस असतो, आपण त्याला विचारत नाही इतकेच. हा माणूस पहिल्याच महिन्यात विचारतो, ‘समजले म्हणजे नक्की काय झाले?’ त्या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधले की गटाचे सहा महिने वाचतात.

टाइमटेबलमध्ये आठवड्याचे सलग दोन तास छापून घ्या, आणि ते शिकवण्याच्या लोडमध्ये धरले जातील असे लेखी घ्या. ‘वेळ मिळेल तसे भेटू’ म्हणणारा गट पहिल्या इन-सेमला (सत्रामधल्या परीक्षेला) विखुरतो आणि सबमिशनपर्यंत पुन्हा जमत नाही. पहिल्या टर्ममध्ये आठ-दहा शोधनिबंध वाचायचे, दर बैठकीला एकच. प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहून ठेवायच्या : प्रश्न काय होता, कोणावर केला, मोजले कशाने, आणि आपल्या वर्गात हे का लागू होईल किंवा होणार नाही. त्याच टर्ममध्ये एक जुना, गाजलेला अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांवर जसाच्या तसा करून बघा. नवीन काही शोधायची घाई नको. ‘बल्बमध्ये करंट खर्च होतो’ हा समज शाळेपासून कॉलेजापर्यंत टिकतो, हे अनेक देशांत नोंदले गेले आहे. तुमच्या एफईच्या वर्गात तो किती जणांत आहे, आणि बेसिक इलेक्ट्रिकलचा विषय पास झाल्यावर किती जणांत उरतो, एवढे मोजा. हत्यारे चालवायचा सराव होतो आणि चुका स्वस्तात पडतात.

प्रश्न : आम्ही पाच वर्षांचे सीओ-पीओ अटेनमेंट (विषयाची आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टे विद्यार्थ्यांनी कितपत गाठली याचे आकडे) जपून ठेवले आहे. हाच डेटा संशोधनासाठी वापरता येईल ना?
– अधिव्याख्याता, अहिल्यानगर

उत्तर : अटेनमेंटचे आकडे नाही. त्यांच्या खालचे कच्चे गुण, हो.

२०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा (अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) पूर्ण सदस्य झाला आणि अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या मूल्यांकनात ‘आउटकम’ मोजण्यावर भर वाढला. हेतू बरा होता. पण आपण भरतो त्या तक्त्यात उद्दिष्ट शिक्षकच ठरवतो, प्रश्नपत्रिका तोच काढतो, तपासतोही तोच. ‘साठ टक्के विद्यार्थ्यांना साठपेक्षा जास्त गुण, म्हणून पातळी तीन’ असे लिहिले की पेपर सोपा निघाला की विद्यार्थी हुशार झाले, हे त्या तीनवरून कळण्याचा मार्ग नाही. पाच वर्षांत आकडा १.८ वरून २.४ झाला तर त्याची अर्धा डझन कारणे असू शकतात, आणि शिकवण्यातली सुधारणा हे त्यांतले फक्त एक.

प्रश्ननिहाय गुण मात्र सोने आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला प्रश्न १अ, १ब, २अ यांत किती मिळाले हे एक्सेलमध्ये असेल तर कोणता प्रश्न वरच्या आणि खालच्या विद्यार्थ्यांत फरकच करत नाही हे दिसते. ऐच्छिक प्रश्नांत कोण कशाकडे वळतो हेही दिसते. एका मेकॅनिक्सच्या पेपरात सगळे जण घर्षणाचा प्रश्न टाळून ट्रस (सळ्यांचा त्रिकोणी सांगाडा) सोडवत असतील, तर तिथे तुमचा संशोधनाचा प्रश्न तयार आहे. उत्तरपत्रिका रद्दीत जाण्यापूर्वी त्या प्रश्नाची चाळीस उत्तरे नावे झाकून स्कॅन करून ठेवा, अर्थात परवानगी घेऊन.

प्रश्न : ‘अ’ तुकडीला फ्लिप्ड क्लासरूमने (व्हिडिओ घरी बघायचा, उदाहरणे वर्गात सोडवायची) शिकवले, ‘ब’ तुकडीला नेहमीच्या पद्धतीने. दोन्हींत ६०-६० विद्यार्थी. एंड-सेमला ‘अ’ची सरासरी सहा गुणांनी जास्त, दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-टेस्टला पी-मूल्य (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०३. तरी परीक्षकांनी लेख परत पाठवला. चूक काय?
– सहायक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हे पत्र आम्हाला वेगवेगळ्या गावांहून दरवर्षी येते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले, दोन्ही तुकड्या मुळात सारख्या होत्या का? प्रवेश फेऱ्यांच्या क्रमाने तुकड्या पाडल्या असतील तर आधी आलेले ‘अ’त जातात. दुसऱ्या वर्षाचा वर्ग असेल तर डिप्लोमाहून थेट आलेले विद्यार्थी बहुधा एकाच तुकडीत एकवटतात. त्यांचा वर्कशॉपचा हात बसलेला असतो आणि गणित कच्चे असते. पूर्वपरीक्षा घेतली नसेल तर सहा गुणांचा फरक पहिल्या दिवशीच होता की नाही हे सांगायला तुमच्याकडे काही नाही.

दुसरे, पूर्वपरीक्षा असली तरी नुसती वाढ मोजू नका. समजा, ‘अ’ची सरासरी ४० टक्क्यांवरून ६१ झाली, ‘ब’ची ५५ वरून ७०. वाढ २१ आणि १५. वाटते ‘अ’ने बाजी मारली. पण ‘अ’ला वाढायला ६० जागा होत्या, ‘ब’ला ४५. मिळवलेली वाढ भागिले शक्य वाढ, असे केले तर ०.३५ आणि ०.३३ येते. फरक जवळजवळ संपला. या गुणोत्तराला सामान्यीकृत वाढ म्हणतात. भौतिकशास्त्रात रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ कोर्समधल्या सहा हजारांवर विद्यार्थ्यांचे आकडे याच पद्धतीने मांडले. पारंपरिक वर्गांत सरासरी ०.२३ आणि विद्यार्थ्यांना बोलते-करते ठेवणाऱ्या वर्गांत ०.४८ आली होती. तुमची वाढ या दोन आकड्यांच्या शेजारी ठेवून वाचली की तिचे वजन कळते.

तिसरी चूक सर्वांत महाग, आणि बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तुम्ही १२० स्वतंत्र विद्यार्थी मोजले असे धरलेत. पण एका तुकडीतले साठ जण एकच शिक्षक, एकच खोली, एकच दुपारची वेळ, एकच नोट्स वाटून घेतात, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांशी बांधलेले असतात. हे बांधलेपण ०.१ इतके किरकोळ धरले तरी हिशेब असा : १ अधिक (६० वजा १) गुणिले ०.१, म्हणजे ६.९. १२० ला ६.९ ने भागा. तुमच्याकडे खरी माहिती जेमतेम सतरा विद्यार्थ्यांइतकी आहे. ते ०.०३ आता उभे राहत नाही. शिवाय दोन्ही तुकड्यांना शिक्षक वेगळे असतील तर तुम्ही पद्धत मोजली की शिक्षक, हे कोणतीही टेस्ट सांगू शकत नाही.

चौथे, एंड-सेमचा पेपर. फ्लिप्ड वर्गात सोडवून घेतलेल्या उदाहरणांसारखीच उदाहरणे पेपरात आली असतील तर ‘अ’ला सराव मिळाला होता, एवढेच सिद्ध होते.

मग करायचे कसे? दोनच तुकड्या असतील तर अदलाबदल करा. युनिट तीन ‘अ’ला नव्या पद्धतीने आणि ‘ब’ला जुन्या; युनिट चारला उलट. दोन्हीकडे शिकवणारा एकच. प्रत्येक युनिटआधी आणि नंतर पंधरा-वीस प्रश्नांची अर्ध्या तासाची चाचणी, तिचे प्रश्न वर्गात कधीही न सोडवलेले. नावे झाकून दुसऱ्याने तपासायची. सहा-आठ आठवड्यांनी न सांगता तीच चाचणी पुन्हा घ्या, कारण टिकलेले ज्ञान तिथे दिसते. हेच दुसऱ्या वर्षी, जमल्यास शेजारच्या कॉलेजात पुन्हा करा. चार-सहा तुकड्या जमल्या की लेखात दम येतो.

किती विद्यार्थी लागतील याचाही अंदाज आधी घ्या. बांधलेपण बाजूला ठेवले तरी मध्यम परिणाम, म्हणजे अर्ध्या प्रमाण-विचलनाइतका (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाच्या निम्मा) फरक, ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक बाजूला ६४ जण लागतात. परिणाम ०.३ असेल तर प्रत्येक बाजूला सुमारे १७५. एका तुकडीवर लहान परिणाम शोधायला बसणे म्हणजे वजनकाट्यावर केस मोजणे.

आणि एक विचार करून बघा : ‘व्याख्यान चांगले की विद्यार्थ्यांना गुंतवणारा वर्ग’ हा प्रश्नच आता जुना झाला. २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात नापासांचे प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के आणि सक्रिय वर्गांत २१.८ टक्के आले. २२६ वा अभ्यास छापायला कोणी उत्सुक नाही. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला घरी बघायचा इंग्रजी व्हिडिओ कितपत झेपतो, तो किती वेळा थांबवतो, कुठे सोडून देतो, हे विचारलेत तर परीक्षक वाचतील. तो प्रश्न तुमच्याच वर्गात विचारता येतो.

प्रश्न : पूर्व आणि उत्तर चाचणीचे कागद निनावी घेतो, पण नंतर कोणाचा कागद कोणाशी जुळवायचा हेच कळत नाही.
– प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : विद्यार्थ्याने स्वतः बनवायचा सांकेतिक क्रमांक वापरा, आणि तो कधीच न बदलणाऱ्या गोष्टींतून बनवा. मोबाईलचे शेवटचे अंक नकोत, कारण सिम बदलते. आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेतला दिवस (दोन अंकी), मोठ्या भावंडांची संख्या, दहावीच्या शाळेच्या गावाचे पहिले अक्षर. अक्षरे देवनागरीत की रोमनमध्ये हे फळ्यावर मोठ्याने सांगा. नाहीतर तोच मुलगा एकदा ‘श’ लिहितो, एकदा ‘एस’, आणि शीतल व सुनीता या दोघींची मुले रोमनमध्ये एकच होऊन बसतात. एवढे करूनही थोडे कागद जुळत नाहीतच. ते काढून टाकलेत हे लेखात आकड्यासह लिहा, आणि न जुळलेल्यांची पूर्वपरीक्षेची सरासरी जुळलेल्यांपेक्षा वेगळी आहे का ते तपासा. उत्तर चाचणीला दांडी मारणारे सहसा कच्चे असतात. त्यांना गाळले की निकाल आपोआप गोड दिसतो.

प्रश्न : स्वतःच्याच विद्यार्थ्यांवर संशोधन करताना संमती घ्यावी लागते का? वर्गात सगळे ‘हो सर’ म्हणतातच.
– विभागप्रमुख, कोल्हापूर

उत्तर : ‘हो सर’ ही संमती नव्हे. टर्मवर्कचे गुण ज्याच्या हातात, त्याला नाही कोण म्हणेल?

संमतीपत्र दुसऱ्या विभागातल्या माणसाने वर्गात येऊन समजवावे, तुम्ही बाहेर थांबावे. मराठीत आणि इंग्रजीत, एका पानात. कोण हो म्हणाले आणि कोण नाही, ही यादी त्या माणसाकडे बंद पाकिटात राहील आणि विषयाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही ती उघडणार नाही, हे त्यात छापा. शिकवणे सगळ्यांना सारखेच. नाही म्हणणाऱ्याचा फक्त डेटा वापरायचा नाही. एखाद्या गटाला नवी पद्धत मिळाली आणि ती उपयोगी वाटली, तर परीक्षेपूर्वी दुसऱ्या गटालाही द्या.

पहिल्या वर्षाचा वर्ग असेल तर एक खाच आहे. प्रवेशाच्या वेळी बरेच विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे. तिथे पालकांचीही संमती घ्या. इंडक्शनच्या पहिल्या दिवशी पालक सभागृहात असतात, तेव्हाच पत्र द्या. नंतर त्यांच्या सह्या गावाहून यायच्या म्हणजे महिना जातो, आणि काही सह्या विद्यार्थीच करतात.

कॉलेजात नीतिसमिती नसेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा ढाचा घ्या. ती आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत, पण रचना कामाची आहे : सात ते पंधरा सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. काम सुरू झाल्यावर मागाहून मान्यता घेता येत नाही, आणि बऱ्याच जर्नलांत मान्यतेचा क्रमांक विचारतात.

प्रश्न : आम्ही सगळे इंजिनिअर. मुलाखती वगैरे घ्यायच्या म्हणजे गप्पा मारण्यासारखे वाटते. किती घ्यायच्या, त्यातून निष्कर्ष कसा काढायचा?
– सहायक प्राध्यापक, रत्नागिरी

उत्तर : गप्पाच, पण आखलेल्या. प्रश्नावलीत विद्यार्थी ‘मला विषय आवडला’ला पाचपैकी चार देतो आणि गोष्ट तिथेच संपते. त्याने ट्रसमध्ये बाणाची दिशा का उलटी काढली, हे समोर बसवून, कागद-पेन देऊन, ‘सोडवताना मनात येईल ते मोठ्याने बोल’ असे सांगितल्याशिवाय कळत नाही.

एकाच प्रकारच्या विद्यार्थ्यांसाठी बारा ते पंधरा मुलाखती, प्रत्येकी चाळीस-पन्नास मिनिटे. प्रश्न सहा-सातच, बाकी ‘म्हणजे कसे?’ आणि ‘अजून सांग’. मुलाखत घेणारा त्या विषयाचा शिक्षक नसावा. जागा एचओडींची केबिन नसावी. तिथे विद्यार्थी व्हायव्हाची उत्तरे देतो. दोन रेकॉर्डर ठेवा, एक बंद पडतोच. पहिल्या दोन मुलाखती रंगीत तालीम समजून बाजूला ठेवा.

वेळेचा हिशेब आधीच मांडा. पंधरा मुलाखती, ४५ मिनिटांच्या, म्हणजे सव्वा अकरा तास आवाज. एका तासाचा आवाज शब्दशः उतरवायला चार ते सहा तास, म्हणजे मधला आकडा धरून छप्पन तास. मशीनने उतरवून घेता येते, पण ‘सर ते शिअर फोर्सचं डायग्राम ना, मी तसंच रट्टा मारलं’ अशा मिश्र वाक्यांत मशीन घसरते, आणि आवाज बाहेरच्या सर्व्हरवर जातो. संमतीपत्रात ते लिहिलेले हवे.

मराठीत बोललेले मराठीतच उतरवा, विश्लेषणही मराठी मजकुरावरच करा. लेखात छापायची अवतरणे तेवढी शेवटी इंग्रजीत न्या. आपला विद्यार्थी ‘मला येतं’ आणि ‘मला कळतं’ यांत फरक करतो. ‘इंटिग्रेशन येतं, पण का करतात कळत नाही’ असे तो सहज बोलून जातो. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद लावले की नेमका तुमचा निष्कर्षच पुसला जातो. तसेच ‘सुटलं’ आणि ‘जमलं’चे.

मग सांकेतीकरण. दोघांनी स्वतंत्रपणे तीन मुलाखती वाचायच्या, मजकुराच्या तुकड्यांना नावे (संकेत) द्यायची, भांडायचे, आणि संकेतांची वही बनवायची. प्रत्येक संकेताची व्याख्या, ‘हे धरावे’ आणि ‘हे धरू नये’ असे एकेक उदाहरण. त्यानंतर दोघांनी तेच शंभर तुकडे वेगवेगळे तपासायचे. ऐंशी जुळले म्हणून खूश होऊ नका. संकेत लागू होतो का, याला दोघेही साठ टक्के वेळा ‘हो’ म्हणत असतील, तर केवळ योगायोगाने ०.६ गुणिले ०.६ अधिक ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ५२ टक्के जुळणारच होते. योगायोगापलीकडचे जुळणे २८. शक्य होते ४८. भागाकार ०.५८. याला कोहेनचा कॅपा (kappa) म्हणतात. ०.५८ ला वही अजून ढिली आहे असे समजून पुन्हा बसा. ०.७ च्या वर गेल्यावर उरलेले काम वाटून घ्या.

प्रश्न : निधी किती लागेल?
– प्राचार्य, जळगाव

उत्तर : वस्तू फार नाहीत : दोन रेकॉर्डर, कुलपाची दोन कपाटे, संकेतशब्दाने बंद होणारी एक हार्ड डिस्क. आकडेमोडीला ‘आर’ किंवा ‘जामोवी’, मुलाखतींना ‘टॅगेट’, ही तिन्ही सॉफ्टवेअर फुकट. खर्च तासांचा आहे. वर दिलेल्या मुलाखतींचे छप्पन तास, सांकेतीकरणाचे साधारण तेवढेच. ते कोणाच्या लोडमधून येतात, हे आधी ठरवा. बाहेरच्या तज्ज्ञाचे मानधन आणि एका परिषदेचा प्रवास धरला की अर्थसंकल्प झाला. स्मार्ट बोर्ड आणि व्हिडिओ स्टुडिओ या मागणीत घालू नका. ते शिकवण्याचे सामान आहे.

प्रश्न : या विषयात पीएच.डी. कुठे करता येईल? आमच्या विद्यापीठात असा विषयच नाही.
– अधिव्याख्याती, पालघर

उत्तर : तुम्हाला सर्वांत जवळ मुंबईच आहे. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी. करता येते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, म्हणजे मानखुर्दला, विज्ञान शिक्षणात पीएच.डी. होते. नोकरी सोडता येत नसेल तर आपल्याच विद्यापीठात अभियांत्रिकी शाखेत नोंदणी करून शिक्षणशास्त्राचा सहमार्गदर्शक घ्या. फक्त नोंदणीआधी विद्यापीठाकडून लेखी घ्या की शाखेबाहेरचा सहमार्गदर्शक चालेल आणि प्रबंधात मुलाखतींवर आधारलेले काम ‘अभियांत्रिकी’ धरले जाईल. हे तोंडी ठेवले की चौथ्या वर्षी विद्यापीठाच्या संशोधन समितीत (आरआरसीत) ‘यात प्रयोग कुठे आहे?’ असा प्रश्न येतो. सीमेपलीकडे हुबळीला केएलई तंत्रज्ञान विद्यापीठात या विषयाचे स्वतंत्र केंद्र आहे. जानेवारी २०२४ मध्ये या क्षेत्रातला आंतरराष्ट्रीय परिसंवाद तिथेच भरला. कोल्हापूरकरांना तर ते पुण्यापेक्षा जवळ.

प्रश्न : लेख पाठवायचे कुठे? मेलवर रोज ‘सात दिवसांत छापतो’ अशा जाहिराती येतात.
– सहायक प्राध्यापक, लातूर

उत्तर : सात दिवसांत परीक्षण होत नाही, एवढ्यावरून ओळखा. यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे चाळण्याचे काम आता तुमच्यावर आणि कॉलेजवर आले आहे.

सुरुवातीला ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन ट्रान्सफॉर्मेशन्स’ बघा. ते आपल्याच राजारामनगरहून, ईश्वरपूरजवळच्या (पूर्वीचे इस्लामपूर) राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेतून निघते, आणि आपल्या वर्गांची भाषा त्याच्या परीक्षकांना समजते. त्यानंतर युरोपातल्या सेफी या संस्थेचे ‘युरोपियन जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन’. अमेरिकेतल्या एएसईई या संस्थेचे ‘जर्नल ऑफ इंजिनिअरिंग एज्युकेशन’ सर्वांत कडक. तिथे सैद्धांतिक चौकट नसेल तर लेख परीक्षकांपर्यंतही जात नाही. चौकट म्हणजे प्रस्तावनेत शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांचे नाव घेणे नव्हे. कोणत्या कल्पनेमुळे तुम्ही हा प्रश्न विचारला, हेच का मोजले, आणि निकालाने त्या कल्पनेला काय झाले, हे तिन्ही जागी दिसले पाहिजे.

‘विद्यार्थ्यांचा अभिप्राय ९२ टक्के सकारात्मक’ हा निष्कर्ष कुठेच पाठवू नका.

प्रश्न : एचओडी म्हणतात, हे खरे संशोधन नव्हे, थर्मलमध्ये काम कर.
– सहायक प्राध्यापक, यवतमाळ

उत्तर : थर्मल सोडू नका. उष्णता आणि तापमान यांत विद्यार्थी कसा गोंधळतो, हे थर्मलवाल्याइतके नेमके दुसरा कोणी विचारू शकणार नाही. वर्षाला एक लेख तिकडे, एक इकडे, अशी सोय बघा. पदोन्नतीच्या गुणांत हा लेख धरतील की नाही, हे प्रसिद्धीआधी कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून (आयक्यूएसी) लेखी विचारून ठेवा. एचओडींशी वाद घालण्यापेक्षा ते सोपे.

प्रश्न : आमचा गट तीन वर्षे छान चालला. मग प्रमुख दुसऱ्या कॉलेजात गेले आणि सगळे थांबले. डेटाही त्यांच्याच लॅपटॉपवर होता. आता?
– प्राध्यापिका, पुणे

उत्तर : आधी त्यांना फोन करा. बहुतेक वेळा माणूस द्यायला तयार असतो, मागितलेले नसते. डेटा संस्थेच्या ड्राइव्हवर आला की ज्या विद्यार्थ्यांची संमती आहे त्यांचाच ठेवा. संमतीपत्रात संशोधक म्हणून फक्त त्यांचेच नाव असेल तर नीतिसमितीला पत्र देऊन नाव बदलून घ्या.

पुढच्या वेळेसाठी : गटात एक डेटा-सांभाळ्या नेमा, तो प्रमुख नसावा. जुळणीची यादी एका कपाटात, चाचण्यांचे कागद दुसऱ्यात, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि तुकडी. सोबत एका पानाची चिठ्ठी, की कोणता रकाना म्हणजे काय आणि ९९ हा आकडा गुण नसून ‘गैरहजर’ आहे. ही चिठ्ठी नसल्याने कोणीतरी ९९ ची सरासरी काढून मोकळा होतो. लेखकांचा क्रम काम सुरू होताना लिहून ठेवा आणि दर टर्मला पुन्हा बघा. प्रमुखपद दोन वर्षांनी फिरवा. नवा प्रमुख जुन्याच्या शेवटच्या चार महिन्यांत बैठकी चालवू लागला, की जाणाऱ्याच्या निरोप समारंभात कोणाला पेन ड्राइव्ह शोधत बसावे लागत नाही.